दहावं नख

ता. १२ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्र हातात पडलं की तू आधी शेवट वाचतेस. या पत्राच्या शेवटी काही नाही, माझी सही आहे. तेव्हा सुरुवातीपासून वाच.

फोन करायला हवा होता, मान्य. पण फोनवर मला एक वाक्य धड जमत नाही आणि बोललेलं खोडताही येत नाही. इथे मी आधी कच्चं लिहितो, मग पक्कं करतो. तू हसशील. हस.

बातमी अशी आहे की आमच्या दुकानात एक लांबलचक कापड रंगवायला आलं आहे. जन्मापासून हृदयाचा आजार असलेल्या मुलांसाठी एक संस्था आहे, ती दर वर्षी चालफेरी काढते. (सगळे 'वॉक'च म्हणतात. कापडावर मी चालफेरी लिहिलं.) आजारी मुलं, बरी झालेली मुलं, त्यांचे आईवडील, डॉक्टर आणि ज्याला यावंसं वाटेल तो, असे सगळे मैदानाच्या फाटकापासून तळ्यापर्यंत चालत जातात आणि परत येतात. असा आजार असतो आणि वेळेवर ओळखला तर पुष्कळदा बरा होतो, हे लोकांना कळावं म्हणून.

मजकूर घेऊन ज्या बाई आल्या त्या निवृत्त नर्स आहेत. सगळे त्यांना अजून मेट्रन म्हणतात. त्यांच्या कागदावर 'हृदय' हा शब्दच चुकला होता. मी न विचारता दुरुस्त केला आणि मग घाबरलो. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं हृदयं सांभाळली रे, लिहायला नाही शिकले. किती शिकलायस?"

"आठवी."

"मग आठवीपर्यंतचं सगळं नीट शिकलायस. रविवारी मोकळा असतोस का?"

असा मी स्वयंसेवक झालो. माझं काम रस्त्यावर चुन्याने बाण काढायचं आणि पाचव्या वळणावर उभं राहायचं. काल सायकलवरून रस्ता मोजून आलो. सात वळणं आहेत. पाचव्यावर बाण जरा कलला तर अख्खी फेरी पेट्रोल पंपात शिरेल. म्हणून आज परत जाऊन आलो. मालक म्हणाले, "अरे, माणसं चालायची आहेत, विमान उतरवायचं नाहीये."

फेरी पंधरा फेब्रुवारीला आहे, रविवारी सकाळी सातला. तू आणि दाजी याल का? ज्यांचं मूल आता नाही तेही येतात, असं मेट्रनबाईंनी सांगितलं. कुणी काही विचारत नाही. नुसतं चालायचं.

तुझा धाकटा भाऊ


ता. २१ जानेवारी

मास्तर,

आधी शेवटच वाचला. सही छान आहे.

आता माझं ऐक. तीन वर्षांत तुझी एकोणीस पत्रं आली. मी मोजली, तुझीच बहीण आहे. बसला चार तास लागतात आणि तू एकदाही आला नाहीस. पत्रातून मला तुमच्या दुकानातल्या मांजरीचं बाळंतपण कळलं, मालकांच्या दाढेचं कळलं, निळ्या रंगात किती टर्पेंटाइन घालायचं तेही कळलं. पण एकोणीस पत्रांत तू बेडकीचं नाव एकदाही काढलं नाहीस. या विसाव्यातही नाही. "ज्यांचं मूल आता नाही" म्हणे. कुणाचं मूल? दोन वर्षं आमच्या घरी राहत होतास तेव्हा तुझ्या ताटातला घास आधी जी पळवायची तिचं? चार पावलं धावून दम लागला की उकिडवी बसायची, म्हणून तूच जिला बेडकी म्हणायला लागलास तिचं? बेडकी माझी मुलगी होती आणि तुझी भाची होती. लिहायला जड जातं का? शब्द तर सोपा आहे.

मी येणार नाही. लोकांच्या मुलांच्या मागून चालायला माझ्याकडे पाय नाहीत. तू चाल, चांगलं काम आहे.

परवा शिलाई मशीनचा खण आवरला. बॉबिनींच्या मागे तिची लाल नेलपॉलिशची बाटली निघाली. तूच आणली होतीस ना ती? टाकायला हात होईना. परत ठेवली.

दाजी म्हणतात, तुझा भाऊ आहे की पोस्टाचं खातं.

ताई


ता. २ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. तीन कच्ची पत्रं झाली, तिन्ही फाडली.

बेडकी. लिहिलं.

बाटलीचं वाचलं.

इथे स्वयंसेवकांची बैठक झाली. आम्ही सव्वीस जण आहोत. बिल्ले, पाण्याची टेबलं, दमलेल्या मुलांसाठी ढकलगाड्या, सगळं वाटून झालं आणि मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "पेंटर, तू सुरुवातीला मुलांच्या टेबलावर बसायचंस. गालावर छोटंसं हृदय काढायचं, नखं रंगवायची. फेरी सुटेपर्यंत पोरं कंटाळतात. मग जा तुझ्या वळणावर."

मी म्हटलं, माझे ब्रश जाड आहेत. मग म्हटलं, मला मुलांची सवय नाही. मग म्हटलं, त्या वासाने माझं डोकं दुखतं. तीन कारणं दिली आणि तिन्ही खोटी होती. दिवसभर टर्पेंटाइनमध्ये बुडालेल्या माणसाचं डोकं नेलपॉलिशने दुखतं, हे ऐकून बाकीचे पंचवीस जण हसले. मेट्रनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गाल तरी रंगवशील?"

गाल रंगवीन म्हटलं.

बाण फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी काढणार आहे. पाऊस नाही पडला तर राहतील. पाचव्या वळणावर मी दोन काढणार आहे.

दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ


ता. १७ फेब्रुवारी

ताई,

फेरी झाली. चारशेच्या वर माणसं होती. बाण सगळे टिकले, कुणी चुकलं नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना हे राहून जाईल.

तू हे पत्रही शेवटाकडून वाचशील. म्हणून जे खरं सांगायचं आहे ते मी मध्ये घातलं आहे. तुला सगळं वाचावं लागेल.

सकाळी साडेसहाला मी टेबलावर बसलो. गालाचे रंग माझे होते. मेट्रनबाईंनी तरी एक लाल नेलपॉलिशची बाटली माझ्यासमोर ठेवलीच. "कुणी मागितली तर" म्हणाल्या. मी ती रंगांच्या डब्यामागे सरकवली. चौदा गाल रंगवले. मुलं हसत होती, एकाने तर दोन्ही गालांवर आणि कपाळावर काढून घेतलं. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग रांगेत एक निळ्या टोपीची मुलगी दिसली. सात वर्षांची असेल. तिच्यापुढे दोन मुलं होती. ती तेवढ्यात खाली उकिडवी बसली, ताई. गुडघ्यांना मिठी मारून, हनुवटी वर टेकवून. तिच्या आईने खाली पाहिलंसुद्धा नाही, इतकी सवय. माझ्या हातातला ब्रश थांबला.

तिचा नंबर आला तेव्हा तिने गाल पुढे केला नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाली, "सगळी लाल." बोटांची टोकं जरा फुगीर होती. नखं निळी होती. तुला सांगायला नको कशी.

मी म्हटलं, "रंग संपला."

डब्यामागून बाटलीचं टोपण दिसत होतं. तिने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं" म्हणाली आणि दोन्ही हात खिशात घातले. रडली असती तर बरं झालं असतं. मोठ्या माणसासारखी "बरं" म्हणाली.

फेरी सुटली तेव्हा मी पाचव्या वळणावर होतो. ढकलगाडीतली मुलं वळणावर आली की स्वयंसेवकांना हात करायची, आम्हीही करायचो. ती गाडीतून आली. तिचे वडील गाडी ढकलत होते. मी हात केला. तिचे हात खिशातच होते. तळ्यावरून परत येतानाही मी पाहिलं, खिशातच. चारशे माणसांमध्ये त्या पोरीने कुणालाच हात केला नाही, आणि हे फक्त मला माहीत होतं.

आता मधली गोष्ट.

अंगणातली मुलं बेडकीला "शाईत बोटं बुडवली" म्हणून चिडवायची. तुला तिने सांगितलं नाही. मला सांगितलं. म्हणाली, "मामा, तू पाट्या रंगवतोस ना? मग माझी नखं रंगव." मी अठरा वर्षांचा होतो. मी बाटली आणली. रंगाच्या एका हाताने निळं झाकलं जाईना, म्हणून दोन हात देत असे. जुन्या पाटीला आधी अस्तर देतात तसं. दर रविवारी. मला त्याचा अभिमान होता, ताई. कडेला कुठे थेंब जाऊ देत नसे.

डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, नखांवर लक्ष ठेवा, जास्त निळी दिसली तर लगेच आणा. ते सांगताना मी दारात उभा होतो. मी ऐकलं होतं. तरी चार महिने त्या घरात कुणालाही तिची नखं दिसली नाहीत. तू मशीनवर असायचीस, ती समोर बसून चिंध्यांशी खेळायची, तू मान वर केलीस की तुला लाल दिसायचं. शेवटच्या तपासणीलाही ती लाल नखं घेऊन गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली.

तू विचारलंस, बाटली तूच आणली होतीस ना. हो. मी आणली होती. म्हणून मी येत नाही. तुझ्या दारात उभं राहिलो तर हे सांगावं लागलं असतं, आणि तोंडी मला जमलं नसतं.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तू देऊ नकोस.

चुना अजून रस्त्यावर आहे. आज सकाळी कामावर येताना पाचव्या वळणावरचे दोन्ही बाण दिसले.

भाऊ


ता. ११ मार्च

ताई,

सतरा फेब्रुवारीचं पत्र मिळालं का? पोस्टात गहाळ झालं असेल तर तसं कळव. पुन्हा लिहीन. मिळालं असेल आणि लिहायचं नसेल तर हे कार्ड फाडून टाक, मी विचारणार नाही.

भाऊ


ता. १९ मार्च

भावा,

पत्र मिळालं होतं. त्याच आठवड्यात मिळालं. शेवटाकडून वाचायला घेतलं आणि मध्ये अडकले.

उत्तर द्यायला महिना लागला, कारण हे उत्तर तुला देण्याआधी दुसऱ्या एका माणसाला द्यायचं होतं. त्याचं नंतर लिहिते.

शेवटच्या तपासणीला तू नव्हतास. मी आणि बेडकी, दोघीच गेलो होतो. नर्सबाईने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, किती छान नखं! एक मला देतेस?" आणि कापसाला काहीतरी लावून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा रंग पुसून टाकला. रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला तो चिमटा लावतात ना, त्याला रंग चालत नाही म्हणे. बेडकी रुसली. नर्सबाई म्हणाली, "नऊ आहेत की अजून!"

तर ते नख मी पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. चिमट्याच्या डबीवरचा आकडाही पाहिला. त्यांनी आकडा पाहून खुर्ची माझ्याजवळ ओढली, तेव्हाच मी समजले. म्हणाले, याच आठवड्यात दाखल करा, थांबू नका. कागदावर लिहूनही दिलं. तुझ्या रंगाने त्या दिवशी काहीही झाकलं नाही. एवढं आधी डोक्यात घाल.

घरी आले. तुझ्या दाजींनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बोलावलंय."

वाढदिवस अकरा दिवसांवर होता. मशीनवर तिचा पिवळा फ्रॉक अर्धा शिवून पडला होता, बाह्या लागायच्या होत्या. मला वाटलं, एकदा छाती उघडली की काय होईल कोण जाणे, तिचा सहावा वाढदिवस घरी होऊ दे. मग बुधवारी नेऊ. अकरा दिवसांनी काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. दाखल करायचा दिवस पुढे ढकलता येतो, एवढंच तेव्हा माझ्या हातात होतं. डॉक्टरांचा कागद मशीनच्या खणात ठेवला. ती गेल्यावर त्यावर बाटली ठेवली.

वाढदिवस झाला. फ्रॉक तिला थोडा सैल झाला. बुधवार उजाडायच्या आधी, मंगळवारी सकाळी ती गेली.

आधी नेलं असतं तर वाचली असती का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायला मी गेले नाही. ते "हो" म्हणाले असते तर?

आता त्याहून वाईट ऐक. तू सामान बांधून निघालास तेव्हा मला कळलं होतं तू का चालला आहेस. तुझ्या तोंडावर काय लिहिलेलं असतं ते मला तुझ्या पाळण्यापासून वाचता येतं. दिवसवारात बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, "पोरीच्या नखांवरूनही कुणाला कळलं नाही का?" आणि तू उठून बाहेर गेलास. मी एक वाक्य बोलले असते तर तू थांबला असतास. मी नाही बोलले. ते ओझं तू उचलून नेलंस आणि मला, देवा, मला हलकं वाटलं. तुझ्यावर चिडले की माझ्यावर चिडायचं राहून जायचं. जानेवारीत बाटलीचं मी मुद्दाम लिहिलं. तुला टोचावं म्हणूनच लिहिलं.

एकोणीस पत्रं आली तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. मग तुझ्या मालकांच्या दाढेबद्दल उत्तर लिहायचे.

इथपर्यंतचं पत्र मी आधी तुझ्या दाजींना वाचायला दिलं. दोन आठवडे हातात घेऊन फिरत होते आणि रविवारी दिलं. त्यांनी दारात उभ्यानेच वाचलं. मग सायकलला हवा भरायला गेले. हवा भरलेलीच होती. बराच वेळ पंपाचा आवाज येत होता. आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाकिटाला तिकीट लावलंस का?" मी म्हटलं, नाही. "आण इकडे, मी टाकतो." मी म्हटलं, अजून संपलं नाही.

त्यानंतर ते माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. काल बोलले. म्हणाले, "फ्रॉकच्या बाह्या तू फार घाईत लावल्या होत्यास." एवढंच. मग आम्ही दोघं रडलो.

तू माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मीही मागत नाही.

ताई


ता. २८ मार्च

ताई,

पत्र मिळालं. दुकानात वाचलं, मग पुन्हा कामाला लागलो, मग एका दुकानाच्या पाटीला रंगाचे चार हात दिले. शेवटी मालकांनी ब्रश काढून घेतला.

तू माझी सुटका केलीस. कच्च्या पत्रात मी "सुटलो" असं लिहिलं होतं. पक्कं करताना ते खोडलं, कारण ते खरं नाही. एक गोष्ट मी तुला सतरा तारखेच्या पत्रातही लिहिली नव्हती. इतकं सगळं सांगून ती तेवढी वाचवून ठेवली होती.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी बेडकी पिवळा फ्रॉक घालून माझ्याकडे आली. उजव्या हाताचं पहिलं बोट वर धरलं आणि म्हणाली, "मामा, हे एकच राहिलंय." ते कोरं होतं; मधल्या रविवारी पाट्यांच्या कामात रंगवायचं राहून गेलं होतं. ते कोणी पुसलं ते मला माहीत नव्हतं, आता तुझ्याकडून कळलं. पण ते नख मी पाहिलं, ताई. चार महिन्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी निळसर असायचं, ते आता दौतीच्या तळासारखं झालं होतं. मी तुला हाक मारायला तोंड उघडलं. तू मशीनवरचे दोरे आवरत होतीस आणि गुणगुणत होतीस. मला वाटलं, आत्ताच तर तपासून आणलंय म्हणजे डॉक्टरांनी पाहिलंच असेल. तपासणी होऊन अकरा दिवस झाले होते, हे माझ्यासारख्या मोजणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी बाटली उघडली आणि त्या नखाला दोन हात दिले. "आता सगळी सारखी" म्हणून ती नाचत गेली. चार पावलं.

म्हणजे ते नख तूही पाहिलंस आणि मीही पाहिलं. त्या एका खोलीत आपण दोघांनी एकमेकांना न सांगता पाहिलं. याचं काय करायचं ते मला कळत नाही. पण आता ते निदान तुझ्या एकटीचं नाही, आणि माझ्या एकट्याचंही नाही.

आता दुसरं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी मेट्रनबाईंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, तोंडी. फार अडखळलो. त्यांनी मध्ये एकदाही "नाही रे, तसं नसतं" असं म्हटलं नाही, म्हणून सांगता आलं. संपल्यावर मी विचारलं, "अशा मुलांची नखं रंगवावीत की नाही?"

त्या म्हणाल्या, "रंगव की. पोरांना हौस असते. फक्त एक सोड. ते रोज बघायचं, आणि बोलायचं."

इतकं सोपं होतं.

मग मी विचारलं, "ती निळ्या टोपीची मुलगी?" त्या म्हणाल्या, ती दोन दिवसांपूर्वीच दाखल झाली आहे, शस्त्रक्रिया मंगळवारी. "तुझी चौकशी करत होती. तो खोटारडा दादा कुठे आहे म्हणाली."

रविवारी गेलो. सहा खाटांची खोली आहे, भिंतीवर कुणीतरी वीतभर मोठी कागदी कासवं चिकटवली आहेत, दोन सुटून लोंबत होती, ती आधी नीट चिकटवली. तेवढाच वेळ गेला. ती खाटेवरून माझ्याकडे बघत होती. हात पांघरुणाखाली.

"रंग आला का?" तिने विचारलं.

"संपला नव्हता," मी म्हटलं. "मी खोटं बोललो होतो."

"मला माहितीये. टोपण दिसत होतं."

तिच्या आईने "असं बोलतात का मोठ्यांशी" म्हटलं. मी म्हटलं, बोलू दे. मग हात पांघरुणाबाहेर आले. मी नऊ नखं रंगवली. दोन नखांच्या कडेला रंग गेला, तो तिने मला दाखवला. मी टोपण लावलं तर म्हणाली, "आणि हे?"

"ते डॉक्टरांचं."

"मग माझं नाही?"

"तुझंच. पण ते लपवायचं नाही. रोज आईला दाखवायचं."

तिने ते बोट आईपुढे धरलं. आईने पाहिलं. नीट, जवळ घेऊन पाहिलं.

शस्त्रक्रियेच्या आधी सगळाच रंग पुसावा लागला. तसं तिला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे रुसली नाही. आज चौथा दिवस आहे. मेट्रनबाई आत जाऊन आल्या. म्हणाल्या, अजून आठवडाभर जपायचं, पण दहाही नखं गुलाबी आहेत. मी स्वतः पाहिलेली नाहीत, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तिने निरोप पाठवला आहे, पुढच्या रविवारी परत नऊ. त्या खोलीतली आणखी चार मुलं मागत आहेत, त्यात दोन मुलगे आहेत, त्यांना हिरवा हवा आहे. मला एकट्याला पुरं होणार नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, कुणी बारीक कामाचा माणूस असेल तर आण. मला शिवणकाम करणारी एकच बाई माहीत आहे.

बस सकाळी सहाची धर. दाजींनाही आण. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या शनिवारी मी येतो तिकडे. खरंच येतो. तारीख लिहून ठेवली आहे.

या पत्राच्या शेवटी एवढं आहे.

तुझा भाऊ


ता. २ एप्रिल

मास्तर,

शेवट आधी वाचला. मग सुरुवातीपासून दोनदा वाचलं. त्या सकाळचं तुझ्या दाजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी पण त्याच खोलीत होतो, मी कुठे बघत होतो? मी म्हटलं, तुम्ही फुगे बांधत होतात. ते म्हणाले, हो.

रविवारी येतो आहोत. दोघंही. सहाच्या बसने. स्टँडवर ये घ्यायला, आणि रस्ता मोजत बसू नकोस, दहाला पोचू.

हिरवा तू आण. लाल माझ्याकडे आहे. बाटली पार सुकली होती. दाजींनी दोन थेंब थिनर घालून तासभर हलवली, आता चालते.

चालते की नाही बघायला मी माझ्याच नखांना लावली. नऊ लावली.

ताई